कपाटावरची डावी गाठ

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा (आणखी दोघं आहेत, पण ते पत्र लिहीत नाहीत, म्हणजे नसल्यासारखेच) वाकून, दोन्ही पायांना हात लावून नमस्कार. तुझी तब्येत, काकांचा खोकला आणि नव्या घरातल्या नळाचा खोकला, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. मी बरा आहे. बरा म्हणजे उभा आहे, जेवतो आहे, पण गेल्या गुरुवारी जो धक्का बसला त्यातून अजून सावरलेलो नाही. एकाच शहरात राहून पत्र कशाला, असं विचारू नकोस. तुझी आठवण आली, कागद हाताशी होता, म्हणून लिहितोय, बाकी कारण काही नाही. काका म्हणतात की माझ्या पत्राचं शेवटचं पान आधी वाचावं, कारण माझी कामं तिथे असतात. या वेळी तसं करू नकोस. क्रमाने वाच.

आधी खुशाली. नोकरी टिकली आहे. सात महिने झाले, आठवा लागला. तू ही ओळ काकांना मोठ्याने वाचून दाखवशील आणि ते म्हणतील, 'दुसरा कुणी भाचा असेल.' त्यांचंही चुकत नाही. छापखान्यात मी अकरा दिवस होतो, रोपवाटिकेत दीड महिना (तिथे झाडंसुद्धा माझ्या आधी बाहेर पडली) आणि चष्म्याच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीपर्यंत. पण या पॅकर्सवाल्यांकडे जीव रमला, कारण इथे रोज नवं घर. लोकांचा संसार खोक्यांत भरायचा, टेम्पोत चढवायचा आणि दुसऱ्या घरात जसाच्या तसा उतरवायचा. मध्यंतरी एका निवृत्त मास्तरांच्या पलंगाखाली एकोणीस छत्र्या निघाल्या. मास्तर म्हणाले, यातली एकही माझी नाही. त्यांच्या बायको म्हणाल्या, एकही माझी नाही. आम्ही त्या नीट गुंडाळून नव्या घरी नेल्या आणि नव्या पलंगाखाली ठेवल्या. (छत्र्यांचा पुढच्या मजकुराशी संबंध नाही, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं.)

संबंध आहे तो लांबच्या गाडीचा. आमच्याकडे एक मोठा ट्रक आहे. तो गावातल्या गावात फिरत नाही, चार-चार दिवस बाहेर असतो, घाट उतरतो, नद्या ओलांडतो, पाट्या वाचता येत नाहीत अशा गावांत जातो. त्या गाडीवरचा जुना माणूस एक तारखेला निवृत्त होतोय आणि त्या जागेसाठी मुकादमांनी माझं नाव दिलंय. (मुकादम म्हणजे आमच्या टोळीचे प्रमुख. पन्नाशीचे आहेत आणि दिवसाला अंदाजे चाळीस शब्द बोलतात.) आत्या, लहानपणी मी जितक्या वेळा घरातून पळालो तितक्या वेळा मला हेच हवं होतं, फक्त त्याला नोकरी म्हणतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ही जागा मिळाली तर मी जन्मभर टिकतो. नाही मिळाली आणि आहे तेही गेलं, तर बाबांचं बटणांचं दुकान आहेच. आई परवा म्हणाली की बाबांनी काउंटरमागच्या स्टुलाला नवी गादी शिवून घेतली आहे. सहज म्हणाली. पण ती गादी माझ्या स्वप्नात दोनदा आली.

तर महिन्यापूर्वी ऑफिसात एक नव्या बाई आल्या. त्यांचं नाव दारावर लिहिलंय, पण टोळी त्यांना कलमबाई म्हणते, कारण 'बसा' म्हणतानाही त्या कुठल्या कलमाखाली ते सांगतील असं वाटतं. स्वभावाने वाईट नाहीत. गरम पाणी पितात, आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच घाम फुटतो. आल्या आल्या त्यांनी एक परिपत्रक काढलं. कर्मचाऱ्याने कंपनीबाहेर दुसरं काम करू नये, इथवर मला समजलं. करत असेल तर लिहून द्यावं, परवानगी घ्यावी, हेही समजलं. पुढे कलम नऊ होतं: कंपनीच्या धंद्याशी मिळतंजुळतं कोणतंही काम, मोबदला घेऊन किंवा न घेता, कुणासाठीही करता येणार नाही, आणि हे नोकरीला लागल्या दिवसापासून लागू. आता आमचा धंदा काय? उचलणं, धरणं, बांधणं, नेणं, ठेवणं. आम्ही नऊ माणसं गोदामात उभे होतो. वाचन संपलं आणि ज्याच्या हातात जे होतं ते त्याने हळूच जमिनीवर ठेवलं.

पैलवानाने हात वर केला. (पैलवान आमच्यातला सगळ्यात बारीक. वारा असला की आम्ही त्याला खिडकीपासून लांब उभा करतो.) त्याच्या शेजारच्या आजींना गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही. दर मंगळवारी तो त्यांना पाठीवर घेऊन तीन मजले खाली आणतो, दवाखान्यात दाखवतो आणि परत वर नेतो. हे चालेल का? कलमबाईंनी त्याला अर्ज दिला. अर्जात विचारलं होतं: वस्तूचं वर्णन, अंदाजे वजन, नाजूक आहे का, कोणत्या मजल्यावरून कोणत्या मजल्यावर. बिचाऱ्याने सगळं खरं भरलं. 'नाजूक आहे का' याच्यापुढे त्याने लिहिलं, 'बोलायला लागल्या की नाही.' चार दिवसांनी उत्तर आलं, हरकत नाही, मात्र वस्तू बांधून नेऊ नये. मी हसलो. पैलवान हसला नाही. 'हसतोस काय,' तो म्हणाला, 'पावसात मी त्यांना चादरीने बांधूनच आणतो.'

मग माझी पाळी. अर्जावर दोन ओळींची जागा होती, मी चौदा पानं जोडली. (मला थांबता येत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.) रविवारी सकाळी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, असं लिहिलं. वाजवतो म्हणजे गालात हवा भरून खऱ्या वाजवणाऱ्याशेजारी उभा राहतो, कारण बँडवाल्याकडे गणवेश सहा आहेत आणि माणसं पाच. वीज ऑफिसच्या रांगेत दमलेल्या म्हाताऱ्यांच्या जागी उभा राहतो, तेही लिहिलं. वरच्या मजल्यावरची नर्स ड्युटीवर असली की तिच्या पोपटाला वर्तमानपत्र वाचून दाखवतो, तेही. (त्याला बाजारभाव आवडतात.) या तिन्ही कामांचं मला काही ना काही मिळतं. मग म्हटलं, आता लिहायलाच बसलोय तर फुकटचंही लिहू. मावसभावाचा पलंग वर चढवला. रस्त्यात बंद पडलेली एकाची गाडी ढकलली. बसमध्ये एका बाईंची पिशवी मांडीवर धरली.

आत्या, उत्तर आलं तेव्हा मी खोक्यावर बसलो आणि खोकं दबलं. बँड, रांग, पोपट, तिघांवर शिक्के: हरकत नाही. पलंग, गाडी, पिशवी, तिघांवर लाल रेघ. मी कागद घेऊन तसाच कलमबाईंकडे गेलो. म्हटलं, मॅडम, तुमची काही तरी गफलत झालीय. पलंगाचं मी काहीच घेतलं नव्हतं.

'तेच तर,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही नसतात तर त्यांनी कुणाला बोलावलं असतं?'

'कुणालाच नाही. तो खाली गादीवर झोपला असता.'

'किती दिवस? एक दिवस त्याची पाठ दुखली असती आणि त्याने आपल्याला फोन केला असता. तुम्ही कंपनीचं गिऱ्हाईक फुकटात पळवलंत.'

'आणि पिशवी?'

'किती थांबे?'

'तीन.'

त्यांनी ते लिहून घेतलं. वर म्हणाल्या की मी स्वतःहून कळवलंय म्हणून या वेळी फक्त समज देऊन सोडते. जो कळवणार नाही आणि नंतर सापडेल, त्याला मात्र त्याच दिवशी घरी. म्हणजे बघ, ज्याचं मोल घेतलं ते काम माफ आणि जे माणुसकीने केलं ते गुन्हा. मला वाटलं होतं जगात उलटं असतं. शाळेत मी फार गेलो नाही, पण जितका गेलो त्यात तरी असं काही नव्हतं.

आता, एक गोष्ट त्या चौदा पानांत नव्हती. कुठली ते तुला कळलं असेल. दोन महिन्यांपूर्वी तू घर बदललंस तेव्हा मी चार दिवस तुझ्याकडे होतो. सोफा, फ्रिज, काकांची एकही पान न फाडलेली कॅलेंडरं, सगळं मी वर चढवलं (काका पुढे उभे राहून 'सावकाश' म्हणत होते, तेवढी मदत धरून). आणि त्या चार दिवसांची रजा मी ऑफिसातून 'पाठ धरली आहे, कूसही बदलता येत नाही' असं सांगून घेतली होती. हे कुठल्या तोंडाने लिहू? पंधरावं पान घेतलंही होतं. 'अंथरुणावर पडून असताना सोफा उचलला' एवढं लिहिलं, वाचलं, आणि घडलेलं असूनही ते मलाच खोटं वाटलं. पान फाडलं. मनाला सांगितलं, आत्याचं काम म्हणजे बाहेरचं काम थोडंच आहे. (कलमात 'कुणासाठीही' असा शब्द होता. तो मी वाचलाच नाही, असं ठरवलं.)

तुझं ते लाकडी कपाट नव्या जिन्याच्या वळणावर अडलं होतं. शेवटी तू ते शिवणाच्या क्लासवाल्या बाईंना देऊन टाकलंस आणि त्यांच्या माणसांनी ते खालूनच नेलं. जाताना दारं उघडू नयेत म्हणून मी त्याला दोरी बांधली. दोरीचं जरा समजून घे. आमच्याकडे गाठ म्हणजे सही. सामान फुटलं तर ते कुणी बांधलं होतं हे गाठीवरून ओळखतात, म्हणून प्रत्येकाने आपली एकच गाठ बांधायची, अशी मुकादमांची शिस्त आहे. त्यांची स्वतःची गाठ चपटी, पाकिटावर तिकीट लावावं तशी. पैलवानाची त्याच्यापेक्षा जाड. माझी डाव्या हाताची: दोन वळसे उलटे, तिसरा आतून, शेपूट वर. टोळीत डावखुरा मी एकटा, त्यामुळे अशी गाठ बांधणाराही मी एकटा. दिसायला निरगाठ, पण आतून सुरगाठ. कुठे ओढायचं ते माहीत असेल तर एका झटक्यात सुटते, नाही तर बसा दिवसभर. मला तिचा फार अभिमान होता. गुरुवारपर्यंत.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही एका शिवणाच्या क्लासचं सामान हलवायला गेलो. नेमक्या त्याच दिवशी कलमबाई काम कसं चालतं ते बघायला टेम्पोत पुढे बसून आल्या होत्या. पत्ता वाचून माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आत आठ मशिनं, मापाचे दोन बिनडोक्याचे पुतळे आणि कोपऱ्यात तुझं कपाट. मी मूर्खासारखा खूश झालो, जुना दोस्त भेटावा तसा. मग दोरी दिसली. आत्या, त्या बाईंनी दोन महिने ते कपाट उघडलंच नव्हतं. सांगत होत्या, सुटतच नाही हो, दातांनी ओढलं, सुई घालून बघितली, आमचे हे म्हणाले कापून टाक, पण इतकी देखणी गाठ कापायला हात होईना. क्लासच्या मुली कापडाचे गठ्ठे कपाटावर ठेवत होत्या. आत ठेवता येतात हे त्या विसरूनही गेल्या होत्या.

मी कपाटाला टेकून असा उभा राहिलो की गाठ पाठीमागे लपेल. मुकादम म्हणाले, 'बाजूला हो.' मी म्हणालो, मला इथेच बरं वाटतंय. त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून, पुतळा हलवावा तसं उचलून बाजूला ठेवलं आणि गाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खिडकीबाहेर. ते काही बोलले नसते, मला खात्री आहे, चाळीसातले शब्द अशा कामाला ते खर्च करत नाहीत. पण पैलवान आला आणि प्रेमाने म्हणाला, 'अरे, ही तर तुझी गाठ. इथे कधी आला होतास?'

कलमबाईंनी वही उघडली. क्लासवाल्या बाईंनी कपाट आणल्याची तारीख न विचारता सांगितली, मुलीच्या परीक्षेचा पहिला दिवस म्हणून त्यांच्या पक्की लक्षात होती. ती तारीख माझ्या पाठदुखीच्या बरोबर मध्यावर होती. कलमबाई मला म्हणाल्या, 'सोडा बघू ही गाठ.' आत्या, माझीच गाठ मला सुटत नाही असं नाटक मी दहा मिनिटं केलं. हात आपोआप शेपटाकडे जात होते आणि मी त्यांना मागे ओढत होतो. नखं लावली, फुंकर मारली, शेवटी दातही लावले. क्लासच्या मुली सल्ले देत होत्या. अखेर कलमबाईंनी गाठ शाबूत ठेवून दोन्ही बाजूंनी दोरी कापायला लावली आणि गाठ एका पारदर्शक पिशवीत टाकली. कपाट उघडलं. आत काकांची हरवलेली कवळी निघाली, आणि दोन मुली बाहेर पळाल्या. (कवळी सोबत पाठवतोय. धुतली आहे.)

शुक्रवारी चौकशी. टेबलावर मधोमध ती पिशवी. एका बाजूला कलमबाई, दुसऱ्या बाजूला मुकादम, मध्ये मी.

'ही गाठ कुणाची?'

मी खरं बोलायचं ठरवून गेलो होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं तेव्हासुद्धा तोच बेत होता. पण बाहेर पडलं ते दुसऱ्याच माणसाचं नाव. कुणाचं ते इथे महत्त्वाचं नाही.

'ती व्यक्तीही डावखुरी आहे?'

'जन्मापासून.'

'आणि नेमकी हीच गाठ बांधते?'

'मॅडम, मला ती त्यांनीच शिकवली. मी लहान असताना.'

मुकादमांना ठसका लागला. त्यांना पाणी देण्यात आलं (गरमच).

'आणि त्या चार दिवसांत तुम्ही कुठे होतात?'

'अंथरुणावर.'

'पाठ?'

'पाठ.'

कलमबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या की ठीक आहे, बुधवारी खात्री करून घेऊ, तोपर्यंत लांबच्या गाडीचा कागद सहीशिवाय राहील. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. कलम नऊचा धक्का मोठा होताच, कपाटाचा त्याहून मोठा, पण सगळ्यात मोठा धक्का मला माझाच बसला. चौदा पानं खरं लिहिणारा मी आणि एका दमात पाच थापा मारणारा मी, हे दोघं एकाच सदऱ्यात राहतात हे मला माहीत नव्हतं.

असो. माझं हे रडगाणं पुरे. तू तब्येतीला जप. आणि तुझा डावा हात कसा आहे? उजव्याचं तू नेहमी सांगतेस, डाव्याची चौकशी मी कधी केलीच नाही, याचं हल्ली वाईट वाटतं.

काकांना नमस्कार, आणि तुला पुन्हा एकदा, कारण गरज आहे.

तुझा,
अजून तरी नोकरीत असलेला भाचा

ता. क. ते नाव तुझं होतं. बुधवारी सकाळी अकराला आमच्या ऑफिसात येऊन कलमबाईंसमोर ती गाठ बांधून दाखवायची आहे. तोवर तुला भेटायचं नाही आणि फोन करायचा नाही, अशी मला लेखी तंबी आहे. पत्राबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, मी तीनदा वाचून बघितलं. तू उजव्या हाताची आहेस हे मला ठाऊक आहे, पण मध्ये चार दिवस आहेत. सोबत दोन हात दोरी आहे. या पार्सलवरची गाठ कापू नकोस, वर उभं राहिलेलं शेपूट ओढ, म्हणजे उलट्या क्रमाने सगळं कळेल. स्वयंपाकघराच्या कडीला रोज पन्नास वेळा बांध. तिथे आल्यावर सही डाव्या हाताने कर, कप डाव्या हाताने धर, आणि डास बसला तरी तोही डाव्यानेच मार.

ता. क. दोन. काकांना आणू नकोस. त्यांना खरं बोलायची खोड आहे, आणि पाठीचा विषय निघाला की ते सोफ्यापर्यंत जातीलच. मुकादमांनी काल जाता जाता, भिंतीकडे बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं सांगितलं, 'तिसरा वळसा आतून. नवी माणसं बाहेरून घेतात.' एवढे सात शब्द त्यांनी आपल्यासाठी खर्च केलेत, ते लक्षात ठेव.

ता. क. तीन. पत्र चिकटवत होतो तेवढ्यात पैलवान धावत आला. पॅकिंगच्या प्रमुखाची जागा तीन महिने रिकामी आहे, आणि कलमबाई म्हणाल्या आहेत की ज्या बाईंच्या हाताला अशी गाठ येते त्यांना मी बुधवारी तिथल्या तिथे ठेवून घेईन. पुढे कलम चौदा आहे: नात्यातली दोन माणसं कंपनीत नकोत, असलीच तर खालच्या जागेवरच्याने जावं. खालची जागा माझी. घरात बसून कंटाळा आला, असं तू गेली दोन वर्षं म्हणतेस, आणि म्हणूनच आता मला झोप लागायची नाही. हात जोडतो, आत्या. गाठ बरोबर बांध, पण फार छान बांधू नकोस.